निळ्या खड्याचं पाणी

१

शनिवारी सकाळी सात वाजता तुंगाबाईंनी देवघरातली पितळी पेटी उघडली, तेव्हा आत कोंदण होतं, खडा नव्हता.

सोन्याचं कोंदण चांदीच्या वाटीत जागच्या जागी होतं. त्याचे चारी दात बाहेर वाकवलेले होते. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली नेहमीप्रमाणे तुंगाबाईंच्या कमरेला होती.

मला हे कळलं ते पुढच्या गुरुवारी, फोनवर. साल १९९४, एप्रिल महिना. तोवर त्या घरात आणखी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या. वासुदेवरावानं आपल्या थोरल्या बहिणीकडून, म्हणजे तुंगाबाईंकडूनच, पेटीची किल्ली काढून घेतली होती आणि यापुढे नातीनं तिच्या हातचं काहीही खायचं-प्यायचं नाही असं घरात बजावलं होतं. आणि बुधवारी दुपारी त्याची नऊ वर्षांची नात मेघाश्री स्वयंपाकघरात उभी असताना अचानक ताठ होऊन खाली कोसळली. तीन वर्षांत तिला फिट आली नव्हती.

"मोहन पोलिसांत जायचं म्हणतो," वासुदेवराव फोनवर म्हणाला. "मला पोलीस नकोत, जयू. तू ये. तुला खडे कळतात, आणि आमचं घरही."

मी जयतीर्थ. सरकारी खनिज प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी करून आदल्याच वर्षी निवृत्त झालो होतो. वासू माझा शाळेपासूनचा मित्र. त्यांचं चिकपेटेत कापडाचं दुकान, घर चामराजपेटेत. रोज सकाळी सहाला आम्ही लालबाग उद्यानाच्या पश्चिम दरवाजाशी भेटायचो आणि तासभर फिरायचो. बावीस वर्षांत हा नेम आजारपणाखेरीज मोडला नव्हता.

त्यांचा खडा म्हणजे नीलम. त्यांचे पूर्वज रंगारी. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत आलेल्या रघुजी नावाच्या मूळपुरुषानं एका सरदाराचे तंबू निळीत रंगवून दिले, आणि त्या बदल्यात हा खडा मिळाला, अशी घरातली हकीकत. खडा पाण्यात बुडवून ते पाणी प्यायलं की ताप उतरतो, डोळ्यांना लावलं की डोळे निवतात, विंचवाचं विष उतरतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे फिट थांबते, असं गल्लीतली माणसंही मानायची. मेघाला गेली तीन वर्षं रोज सकाळी खडीसाखर घातलेलं खड्याचं पाणी मिळत होतं आणि तिच्या फिट खरोखरच थांबल्या होत्या. मी खडे तपासणारा माणूस, पण हा खडा भिंगाखाली घ्यायला वासूनं मला कधी दिला नाही. देवाची परीक्षा घ्यायची नसते, म्हणायचा.

मी पोचलो तेव्हा तो ओसरीवरच बसला होता. चार दिवस तो फिरायला आला नव्हता. एकदम म्हातारा दिसत होता. जन्मभर तेल चोपडून बसवलेले त्याचे केस कोरडे होऊन पंख्याच्या वाऱ्यावर उडत होते. समोर उप्पिट्टूची बशी होती. दोन घास खाऊन ती बाजूला सारलेली.

"कोण कोण होतं घरात शनिवारी?" मी विचारलं.

"अक्का, मोहन, पवित्रा आणि पोर. मी तर तुझ्याबरोबर लालबागेत होतो."

मी मान हलवली. खरंच होतं ते.

२

मोहनकुमार हा वासूचा एकुलता मुलगा. दुकान तोच बघायचा. मला माडीवर नेऊन त्यानं दार लोटून घेतलं.

"काका, तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो. खडा विकावा असं मी अप्पांना दोनदा म्हटलं होतं. जयनगरला नवं दुकान घालायचंय मला. अप्पा आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी. आता घरात सगळे माझ्याकडे तसेच बघतात."

"शनिवारी कुठं होतास?"

"झोपलो होतो. सातला अक्का ओरडली तेव्हा उठलो. साक्षीदार कुणी नाही. पवित्रा पाचलाच खाली जाते."

पवित्रा त्याची बायको, होसूरकडची. ती परसात कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघताच बोलली.

"मला त्या दगडाचा राग येतो हे सगळ्या घराला माहिती आहे. मेघाला सहाव्या वर्षी पहिली फिट आली, तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. पोर दिवसभर पेंगायला लागली, तर मामंजींनी गोळ्या मोरीत ओतल्या. आमच्या घरात खडा असताना इंग्रजी औषध कशाला, म्हणाले. मी काय करणार? नशिबानं ती बरी झाली."

"मग खडा गेल्यावर बरं वाटलं?"

तिच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. "शनिवारी वाटलं. खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता तरी डॉक्टरकडे न्यावं लागेल. पण काल तिला तशी पडलेली बघितली आणि मी मामंजींसारखीच देवघरात जाऊन डोकं आपटलं. खडा परत दे म्हणून."

"सकाळी सहा ते सात तू काय करत होतीस?"

"सहाला दूध आणायला गेले. शनिवारी लाइन मोठी असते. येईपर्यंत साडेसहा झाले. मग डब्याचं. अक्का तेव्हा न्हाणीत असतात. किल्ली बाहेर खुंटीला असते, ते काही गुपित नाही."

म्हणजे अर्धा तास घरात झोपलेला मोहन, झोपलेली पोर आणि न्हाणीतल्या तुंगाबाई. किल्ली खुंटीला. मोहनला विकायचं कारण होतं, पवित्राला फेकून द्यायचं कारण होतं. मी देवघरात गेलो आणि पेटी खिडकीच्या उजेडात धरली.

विकायला नेणारा माणूस दोन तोळ्यांचं सोनं मागे कशाला ठेवील? फेकून देणारा माणूस चार दात एकेक करून, कोंदणाला ओरखडासुद्धा न उठू देता, कशाला वाकवील? आणि पेटीच्या तळाशी मखमलीच्या कडेखाली बोट घातलं तर नखाला काहीतरी टोचलं. मी ते तळहातावर घेतलं. काळे तीळ होते, चार दाणे.

३

तुंगाबाई मागच्या खोलीत जमिनीवर बसून होत्या. त्या वासूपेक्षा चार वर्षांनी मोठ्या, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. चोविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा माहेरी परत आल्या आणि खड्याची सेवा वडिलांनी त्यांच्याकडे दिली.

"अक्का, देवापुढे तिळाचं तेल कधी लावता?"

"कधीच नाही. आमच्याकडे तुपाचं निरांजन."

"कुणीतरी लावलं होतं. निरांजन पुसून ठेवलंय, पण वातीला अजून वास येतो. आणि पेटीत तीळ होते."

 त्या सावकाश सांगू लागल्या, पाठ केलेलं सांगावं तसं. खडा शनीचा. सोन्यात असला की तो झोपलेला असतो आणि त्याचं पाणी तेवढं सगळ्यांना चालतं. जागा करायचा तर शनिवारी सूर्य उगवताना तिळाच्या तेलाचा दिवा लावून, काळे तीळ वाहून, सोन्यातून मोकळा करायचा आणि निळ्या फडक्यात दंडाला बांधायचा, कातडीला लागेल असा. मग तो एकाच माणसाचं दुखणं ओढून घेतो, दुसऱ्या कुणाचं नाही. तीन शनिवार डोक्याला तेल लावायचं नाही. तीन शनिवारांत गुण आला नाही तर खडा त्या माणसाला मानवत नाही असं समजायचं.

"हे घरात कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना. लहानपणापासून ऐकत आलोत."

मी खाली बसलो. गुडघे दुखत होते. "मग अक्का, चोर खड्यावर भरवसा असलेला माणूस आहे. मोहन नाही, पवित्रा नाही. कुणीतरी तुमच्यावर आळ यावा म्हणून हे केलं असतं, तर तीळ दिसतील असे ठेवले असते, निरांजन पुसलं नसतं. या घरात तुमच्याइतकी खड्याची भक्ती कुणाची नाही. मी काय समजू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. उठल्या, ट्रंक उघडली आणि तळातून एक औषधाची पट्टी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. दहातल्या चार गोळ्या संपलेल्या.

"मेघाच्या आहेत," त्या म्हणाल्या. "वासूनं गोळ्या मोरीत ओतल्या, त्याच आठवड्यात गणपतीला नेते म्हणून तिला मुलांच्या इस्पितळात घेऊन गेले. डॉक्टरांनी मात्रा कमी करून दिली, म्हणाले, पेंगणार नाही, पण एक दिवसही चुकवायचं नाही. तेव्हापासून रोज सकाळी गोळी कुटून खड्याच्या पाण्यात. कडू लागते म्हणून खडीसाखर. तीन वर्षं झाली."

मी पट्टी उलटसुलट करून बघितली.

"माझे यजमान उमाजी," त्या सांगत राहिल्या, "विषमज्वरानं आजारी पडले तेव्हा एकवीस दिवस त्यांना हे पाणी पाजलं. दुसरं काही पाजू दिलं नाही. एकविसाव्या दिवशी गेले. आणि ज्यानं वाचवलं नाही, त्याचीच पूजा मला आयुष्यभर लावून दिली. माझा कसला भरवसा, जयतीर्थ? मला तर तो पेटीत असायला हवा होता. तो गेला की पाणी गेलं, पाणी गेलं की गोळी गेली."

"मग दुसऱ्या कशात घालायची."

"कशात? चार दिवस पोरीला माझ्याजवळ येऊ देत नाही तो. माझ्या हातचं घोटभर ताक नाही. पवित्राला सांगायचं म्हणून रोज उठायचे आणि तोंड उघडायचं नाही. तीन वर्षं फसवलंस म्हणून वासू मला घराबाहेर काढील, याचं भय. माझ्या भयापायी पोर पडली. ते माझंच."

मी पवित्राला हाक मारली. अक्कांनी तिला सगळं सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून ऐकत राहिली. मग काही न बोलता पट्टी उचलली आणि मेघाकडे गेली. ती इतक्या वेगानं गेली की पदर खिळ्याला अडकून फाटला, तरी थांबली नाही.

निघताना मी तिला मेघाच्या खोलीच्या दारात गाठलं. "वासूला उद्यापर्यंत सांगू नकोस."

"का?"

कारण मला त्या क्षणी दुधाची लाइन आठवली होती.

४

शनिवारी वासू सहाला आला नव्हता. पावणेसात वाजले होते. मी पश्चिम दरवाजाशी पाऊण तास उभा राहिलो होतो. तो घामेजून आला आणि म्हणाला, "दूध आणायला गेलो होतो रे, लाइन मोठी होती." मी ते तिथंच विसरलो. मित्राला उशीर झाला तर कोण लक्षात ठेवतं?

पण दूध पवित्रानं आणलं होतं. घरच्यांना वाटत होतं की तो नेहमीसारखा साडेपाचला बाहेर पडला. मला वाटत होतं की तो दुधाच्या लाइनीत होता. सूर्य सहा वाजून दहा मिनिटांनी उगवतो, त्या वेळी तो नक्की कुठं होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खड्यावर भरवसा असलेली दोनच माणसं होती, त्यांतल्या एकीचा भरवसा नव्हताच. उरला एक. जन्मात पहिल्यांदा डोक्याला तेल न लावलेला.

शुक्रवारी सकाळी मी निरोप पाठवून त्याला लालबागेत बोलावलं. आम्ही मोठ्या खडकावर चढलो. मध्ये दोनदा तो दम खायला थांबला. वर वारा होता. त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता.

"वासू, बाही वर कर."

 त्यानं बटण काढलं आणि बाही दंडापर्यंत सारली. निळं सुती फडकं, घट्ट गाठ. दंड इतका बारीक झाला होता की माझ्या मुठीत मावला असता.

"घास अडकतो," तो म्हणाला. "महाशिवरात्रीपासून. गुपचूप जाऊन नळी घालून बघून आलो. अन्ननलिकेत गाठ आहे. कापायला हवी म्हणतात. सुशीला ऑपरेशनला आत गेली ती परत आली नाही, तुला माहितीच आहे."

सुशीला म्हणजे त्याची बायको. नऊ वर्षांपूर्वी इस्पितळातच गेली.

"मागायचा होतास सगळ्यांसमोर."

"मागितला असता तर सगळे म्हणाले असते, पोरीचं औषध काढून घेतो म्हातारा. तो एकाचंच काम करतो. तीन शनिवारच तर हवा होता. मग परत ठेवणार होतो."

"आणि अक्कावर आळ आला तो?"

"ती कुठं जाणार आहे घर सोडून? सावरून घेतलं असतं पुढं." तो खाली रस्त्याकडे बघत होता. "तुला बोलावलं, कारण तू माझ्यावर संशय घेणार नाहीस. तू तर बरोबरच होतास."

हे त्यानं साधेपणानं सांगितलं, कापडाचा भाव सांगितल्यासारखं.  पण विचारायचं एक राहिलं होतं.

"बुधवारी मेघा पडली. तुझ्या हिशेबानं खडा गेला म्हणून पडली. तू समोर होतास?"

"होतो."

"मग?"

"हात गाठीवर गेला होता, जयू. शपथ सांगतो. गाठीपर्यंत गेला होता." त्यानं बाही खाली ओढली. "सोडवली नाही."

मी त्याला गोळ्यांचं सांगितलं. तीन वर्षांचं सगळं. मला वाटलं होतं, पोर आपल्यामुळे पडली नाही हे ऐकून त्याला हायसं वाटेल. मग लक्षात आलं की ती त्याच्यामुळेच पडली होती. बहिणीला त्यानंच दूर केलं होतं. त्याला मात्र यातलं काहीच ऐकू आलं नसावं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"तीन वर्षं," तो म्हणाला, "माझ्या देवघरात बसून मला फसवलं तिनं."

५

घरी जाऊन त्यानं सगळ्यांना ओसरीवर बोलावलं आणि बाही वर करून दाखवली. तेवढं धैर्य त्याच्यात होतं. गाठीचं सांगितलं, आजाराचं सांगितलं. मोहन खाली मान घालून रडायला लागला. मग वासू बहिणीकडे वळला.

"आता तू सांग. खड्याच्या नावावर मला काय पाजत होतीस?"

"तुला नाही. पोरीला." अक्कांचा आवाज चढला नाही. "आणि हो, फसवलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा फसवीन."

"म्हणजे या खड्यात काहीच नाही? माझ्या या दंडाला बांधलंय त्यात काही नाही?"

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी पुढं होऊन त्याच्या दंडावरचं फडकं सैल झालं होतं ते नीट केलं, गाठ पुन्हा मारली.

"राहू दे बांधलेला," त्या म्हणाल्या. "तो नेलास याचं मला काही नाही, वासू. दगड आहे तो. पण तुझ्या लेखी ते पोरीचं औषध होतं. तुझ्या लेखी तिचा जीव त्यात होता. आणि तू ते तिच्या तोंडचं काढून नेलंस, ती पडलेली बघितलीस, आणि बाही खाली करून जेवायला बसलास."

"जेवण जात नाही मला."

"बसलास तर."

पवित्रानं मेघाला हाताला धरून आणलं, फुलपात्रात साधं पाणी घेतलं आणि सगळ्यांदेखत गोळी तिच्या हातावर ठेवली. मेघानं ती गिळली आणि तोंड वाकडं केलं. वासू उठून आत गेला.

मोहननं पंधरा दिवस हात जोडून त्याला ऑपरेशनला तयार केलं. जूनमध्ये झालं. अक्का रोज इस्पितळात जायच्या, त्याचं तोंड पुसायच्या, चादर बदलायच्या. त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. तो बोलवायचा, "अक्का, स्वल्प पाणी दे." त्या द्यायच्या.

मी पहिल्या आठवड्यात गेलो नाही. लालबागेतही जाणं सोडलं होतं. शेवटी मोहन घरी येऊन म्हणाला, अप्पा तुमची वाट बघतात, तेव्हा गेलो. ऑपरेशनच्या वेळी दंडावरून सोडलेला खडा वासूच्या उशाशी कागदाच्या पुडीत होता. त्यानं ती माझ्या हातात दिली.

"भिंग आणलंस?"

भिंग माझ्या खिशात नेहमीच असतं. मी खिडकीशी जाऊन खडा उजेडात फिरवला. आत रेशमाच्या धाग्यासारख्या बारीक सुया होत्या, एकमेकींना साठ अंशांत छेदणाऱ्या. निळ्याचे सरळ, कोन करून वळणारे पट्टे होते. काचेत असं काही नसतं.

"अस्सल आहे," मी म्हणालो. "बहुतेक सिंहली. रंग खुलवायला कुणी तापवलेलासुद्धा नाही."

त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. खूप दिवसांनी तो पूर्वीच्या वासूसारखा दिसला.

"वाटलंच होतं मला," तो म्हणाला, आणि पुडी परत घेऊन मुठीत धरली.

मी अर्धा तास बसलो. तो खड्याबद्दल बोलत राहिला. मेघा त्या आठवड्यात पुन्हा शाळेत जायला लागली होती, ते त्याला सांगायचं म्हणून मी आलो होतो. त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. भेटीची वेळ संपल्याचं सांगायला नर्स आली तेव्हा मी उठलो, आणि त्यानं पुढं केलेला हात न धरता बाहेर पडलो.